तासाभरापूर्वी

सकाळी नऊला चहा पिता पिता सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. लेक म्हणाली, "आईला दवाखान्यात नेऊ या."

मालिशवाले जावईबापू हसले. "तिथे नुसते स्कॅन काढत बसतात. माझ्या तेलाने किती लुळे धावायला लागलेत!" आणि बाह्या सरसावून चोळत बसले.

वाचा पार गेली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

"त्रास कधी सुरू झाला?" डॉक्टरांनी विचारलं. "साडेचार तासांच्या आत असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. उशिरा दिलं तर जिवावर बेतेल."

"आत्ताच, तासाभरापूर्वी," जावईबापू बेधडक म्हणाले. लेक आईच्या हातावरचं तेल पदराने पुसू लागली.


सासूबाईंनी डावा हात उचलून भिंतीवरच्या, दोन वाजलेल्या घड्याळाकडे दाखवलं आणि डॉक्टरांसमोर पाचही बोटं उघडली.