टाक्यांची चुगली

पाठीवरची गाठ काढून नऊ दिवस झाले होते. हिंदुराव पैलवान दोनदा साबण लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टर म्हेत्रेबाईंसमोर येऊन बसले. तालमीचं नावसुद्धा काढायचं नाही, असं त्यांनी घरूनच पक्कं ठरवलं होतं.

बाईंनी शर्ट काढायलाही सांगितलं नाही. टाक्यांचा दोरा जखमेतले जंतू ओळखणारा होता; त्याने सकाळीच दवाखान्याला आपणहून पाठवलेली जंतूंची यादी त्या वाचत होत्या.

"मातीतले जंतू दिसतायत."

"गेलतो जरा शेतात."

"त्यांच्यासोबत ताकातलेही आहेत. ताक घातलेली माती कोल्हापुरात कुठं असते, पैलवान?"

हिंदुरावांनी मान खाली घातली. आखाड्याच्या मातीत ताक, तेल आणि हळद दरवर्षी तेच तर कालवत होते!

"अजून पू झालेला नाही," बाई म्हणाल्या. "आजपासून या गोळ्या घेतल्यात, तर होणारही नाही. नुसत्या डोळ्यांनी बघत बसले असते, तर मला चार दिवसांनी कळलं असतं आणि जखम पुन्हा उघडावी लागली असती."

पैलवानांच्या जिवात जीव आला, तशी छातीही फुगली.

"आता तुमच्यापास्नं काय लपवायचं? त्यो बाबू चौगुले लईच डिवचत हुता. धरली एक कुस्ती. दोन मिंटात चितपट केला गड्याला!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"पण पैलवान, टाके तुमच्या पाठीवर आहेत. माती तुमच्या पाठीला कशी लागली?"

हिंदुरावांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ते टाकं आजच काढून टाका."