शेवटची रेघ

आजींच्या अंगात आता उजवा हात तेवढा जिवंत होता. त्या हाताच्या बोटाने त्या मावशींच्या तळहातावर लिहीत होत्या आणि मावशी डोळे मिटून मोजत होत्या. डावी भिंत. मग वरून जाऊन उजवीकडे उतरणारी दुसरी. आत माणसाचे दोन पाय. चार रेघा झाल्या आणि बोट थांबलं, रोजच्यासारखंच.

मावशी नावालाच मावशी. वय तिशीच्या आतबाहेर, घरी सात वर्षांची लेक. पण आजारी माणसाची उस्तवार करणारी बाई कुणाच्याही घरात मावशीच होते. आजींनी जन्मभर शाळेत चिनी अक्षरं शिकवली होती. वाचा गेली तरी मास्तरकी गेली नव्हती. तळहातावर खूण काही उरत नाही, तेव्हा कुठली रेघ आधी नि कुठली मागून हे धरलं तरच अक्षर हाती लागायचं. आजी लिहायच्या, मग हात उताणा करून पुढे करायच्या: आता तू. क्रम चुकला की नख टोचायच्या. मावशींनीही मनावर घेतलं होतं. बाईला काय हवंय ते कळायला नको?

तीन आठवडे हे एकच अक्षर चाललं होतं, तेही अर्धवट. आज मावशींनी ते कागदावर उतरवलं आणि स्वयंपाकघरात वहिनींपुढे धरलं.

वहिनी म्हणजे आजींची सून. नवरा बोटीवर नोकरीला, घरात या दोघीच. त्या ओट्याशी कप विसळत होत्या आणि पायात चक्क बूट होते.

“घरात बूट, वहिनी?”

“नवे आहेत. चावतात का बघतेय.” वहिनी हसल्या. मग त्यांनी कागद पाहिला आणि हसायच्या थांबल्या. “असं अक्षर नाही, मावशी. खालची रेघ राहिली. ती दिली की होतं कैदी.”

“आजी ती देतच नाहीत हो.”

“देतील. तीन बाजू करायच्या, माणूस आत घ्यायचा आणि मगच खालून बंद करायचं. आधीच दार लावलं तर तो आत शिरणार कसा?” पाठ केलेला विनोद सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. “मलाही आईंनी पहिलं हेच शिकवलं. लग्न होऊन आले त्या महिन्यात. अकरा वर्षं झाली.”

कामाला लागल्यापासून वहिनींना घराबाहेर पडताना आपण एकदाही पाहिलं नाही, हे मावशींच्या आत्ता ध्यानात आलं. पण त्यांचा जीव आजींसाठी कळवळला होता.

“म्हणजे त्यांना कोंडल्यासारखं होतंय. बिचाऱ्या!”

वहिनींनी विसळलेला कप पालथा घातला. “जा, कळलं म्हणून सांगा त्यांना. तुमचा फोन राहू दे इथेच. वाजला की दचकतात.”

सहाला वीस मिनिटं होती. सहाला मावशींची सुट्टी. साडेसहाला लेक शिकवणीहून येऊन घराच्या पायरीवर वाट बघत बसायची. एवढं सांगून निघू, असं म्हणत फोन ओट्यावर ठेवून त्या आजींच्या खोलीत गेल्या. एकच खिडकी, तिला लोखंडी जाळी, रस्ता चार मजले खाली. पलंगाशी बसून त्यांनी आपला तळहात आजींपुढे धरला.

“कळलं हो, आजी. सगळं कळलं.”

आजींचे डोळे भरून येतील असं त्यांना वाटलं होतं. डोळे कोरडे होते, हजेरी घेणाऱ्या बाईंसारखे. बोट चालू लागलं. डावी भिंत. वरची आणि उजवी. एक पाय. दुसरा पाय.

पाठीमागे दार ओढलं गेलं.

“वहिनी?”

बाहेरून कडी सरकली, सावकाश, आणि तिच्या बरोबरीने आजींचं बोट मावशींच्या तळहाताच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरकत गेलं. बोट जराही थरथरलं नाही. मग नवे बूट वाजत वाजत जिना उतरले.

मावशींनी दारावर धडका दिल्या. वहिनींना हाका मारल्या, मग लेकीला. खाली कुठेतरी मोठा दरवाजा लागला. मग त्या वळल्या.

पलंगावर आजींनी हात उताणा करून पुढे धरला होता.