चौकटीची खालची रेघ

चैतरामने बाबूलालच्या दुकानातल्या फळीवर खडूने चौकट काढली, चारी बाजूंनी घट्ट बंद केली आणि मग आत रेघा भरायला घेतल्या. नजर मात्र बाबूलालच्या तोंडावर होती.

बाबूलाल भरवेलीच्या खाणकामगारांचे दात काढायचा आणि बसवायचा. नेपाळचा आहे असं सांगायचा. डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. चीनशी लढाई झाल्यापासून पोरं त्याच्या पाटीवर शेण मारत होती आणि हवालदार चैतराम खुशाल पाठ फिरवत होता. त्यात नुसतं देशप्रेम नव्हतं. मागच्या वर्षी बाबूलालने त्याची किडकी दाढ ठेवून शेजारची धडधाकट उपटली होती.

"ये क्या है, हवलदार? तोते का पिंजरा?"

"चिनी अक्षर हाय. शिकून राह्यलो."

"तो घर में सीखो." बाबूलालने ओल्या फडक्याने फळी पुसून टाकली. "दाँत दिखाना है तो बैठो, नहीं तो रास्ता नापो."

चैतराम दात-ओठ खात खाली उतरला. आजही ह्याने टोकलं नाही.

युक्ती ठाणेदार साहेबाची होती. कलकत्त्याला कसलंसं शिक्षण घेऊन आलेल्या साहेबाने त्याला हे एकच अक्षर शिकवलं होतं. अर्थ 'देश'. चौकट तीन बाजूंनी काढायची, आतलं सगळं भरायचं आणि खालची रेघ अगदी शेवटी मारायची. "चिन्याच्या पोराच्या हातात हा क्रम लहानपणीच भिनतो," साहेब म्हणाला होता. "तू त्याच्यापुढे उलटा काढ. त्याला राहवणार नाही. जो टोकेल, तो आपला." असा माणूस सापडला की गाडीत घालून थेट राजस्थानातल्या कैद्यांच्या छावणीत. मागे त्याचं घर रडलं काय नि बसलं काय, कोणी विचारत नव्हतं. आणि ही गोष्ट घरी बायकोलाही सांगायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्या दिवशी साहेबाचाही धीर सुटला. "मुझे कल तक नाम चाहिए, चैतराम. नहीं तो बिरसा जाओ, जंगल की चौकी पर."

बिरसाला जायला चैतराम मेला तरी तयार नव्हता. तापाचं जंगल ते. पलटणीतून आसामला गेला होता तेव्हा तापाने तो मरता मरता वाचला होता. तिकडून तो दोनच गोष्टी घेऊन आला, हिवताप आणि पुष्पलता. त्यातला हिवताप तेवढा गेला, असं त्याची आई तुळसाबाई अख्ख्या आळीला ऐकवायची.

घरी तरी कुठे सुख होतं! नवरा जमिनीवर खडू घासायला लागला त्या दिवसापासून पुष्पलताने त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. "घरात हे काढाचं नाई," म्हणून तिने झाडू आपटला होता. तो काढायचा, ती त्यावर शेणाचा पोतेरा फिरवायची. तो शिव्या द्यायचा, ती ताट आदळायची. चिन्यांचा राग सगळ्या गावालाच आला होता, बायकोचं काय घेऊन बसायचं, असं तो मनाशी म्हणायचा.

संध्याकाळी तो आला तो दाराच्या आतच बसला. खडू घेतला, चौकट काढली, घट्ट बंद केली. हाताला आता तीच सवय लागली होती. रागाने त्याने खडू भिंतीवर फेकला.

"काय झालं जी?" किती तरी दिवसांनी ती आपणहून बोलली.

"उद्या साहेब परीक्षा घेते. अक्षर जमलं नाई त बिरसाले धाडते." अर्धं खरं, अर्धं खोटं. "तुले काय त्याचं? तुले त हे पाहूनच वकारी येते!"

"बिरसाले?" पुष्पलताचा चेहरा उतरला. "तिकडचा ताप तुमाले सोसाचा नाई."

"मंग मरू दे मले! हाताले येऊनच नाई राह्यलं त काय करू?"

त्याने दुसरा खडू घेतला आणि पुन्हा आधी चौकट बंद केली.

तिने बाहेर डोकावून आळीत कोणी नाही ना ते पाहिलं. मग तिने पुढचं दार लोटून कडी घातली, त्याच्याजवळ येऊन बसली आणि तळहाताने चौकटीची खालची रेघ पुसून टाकली. त्याच्या हातातून खडू घेऊन आतल्या रेघा तिने भराभर भरल्या. जमिनीकडे पाहूनच ती हळू आवाजात बोलली.

"असं नाई जी. आधी मानसं आत घ्या, मंग दार लावा. मी पहिलेच लावलं का बाबा बोटावर छडी मारे."