सोळा पावलांवर काळवीट

सुपारी रविवारी फुटायची होती, पण नवरदेव गुरुवारीच येऊन बाजेवर आडवा झाला. असं कुठं असतं का? अजून हळद नाही, कुंकू नाही, आणि हा भीमराज दोनदा चहा मागतो, साखर कमी म्हणून परत पाठवतो. नर्मदाबाईंनी तेही गिळलं. मग तिन्हीसांजेला तो म्हणाला, "आजी, तुमच्याकडं हरणं लई हायत म्हणं. एखादं पाडावं म्हणतो. आमच्या हट्टा गावाकडं आता बघायलाबी भेटत न्हाईत."

होणारी नवरी, त्यांची नात मंजुषा, भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला.

"कायदा हाय त्याला. जेल होती," ती म्हणाली. "आन् हरणांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

भीमराज हसला. मंजुषानं टोपली खाली ठेवली, आत गेली आणि त्याच्याशी बोलायचीच बंद झाली.

मुलीचा बाप विश्वंभर आपल्या आईकडं बघत राहिला. स्थळ चांगलं होतं, हातचं जायला नको होतं. पण या घरात शेवटचा शब्द नर्मदाबाईंचा.

"होणाऱ्या जावयाला पहिल्याच मागणीला न्हाई म्हणायची रीत न्हाई आपल्यात," त्या म्हणाल्या. "मी नेते त्यांला."

घरात ठासणीची बंदूक होती, मालकांच्या वेळची, शेतराखणीच्या परवान्याची. डुकरं हाकायला कामी यायची. मालक असतानाही ती नर्मदाबाईच भरायच्या. दारू मोजायची, गजानं ठासायची, सगळं देवघरापाशी बसून. पुरुषानं रानात गेल्यावर वर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, एवढंच.

शुक्रवारी फटफटताना दोघं गायरानात गेले. बाभळीआड बसले. कळप लांब होता, दीडशे पावलांवर. एका मादीनं मान वर केली. मग सगळ्यांनी केली. पुढच्या क्षणाला गायरान रिकामं.

"काय झालं?" भीमराजनं विचारलं.

"वारं पाठीवर घेऊन बसलाव, आन् डोक्याला वासाचं तेल. तुमी बसायच्या आधी तुमचा वास पलीकडच्या गोरेगावला पोचला, जावईबापू."

शनिवारी तो नुसत्या पाण्यानं अंघोळ करून आला. मातकट सदरा घातला, वारं तोंडावर घेतलं. वनखात्याच्या माळावर दोघं ऊन तापेपर्यंत बसले. एक हरीण आलं नाही. नर्मदाबाई उठल्या, गुडघा धरून खाली वाकल्या, लेंडी बोटांत चिरडून पाहिली.

"परवाची हाय. मेंढरं आली तशी ही इथून हलली." त्या खुरांच्या मागं चालत राहिल्या. माळ उतरला, ओढा आला. ओढ्यापलीकडं नर्मदाबाईंचाच हरभरा. "बघा. सरकारी रान मेंढरांला सोडलं आन् माझं सोताला घेतलं. एवढी बराबर वाटणी माझ्या दिरांलाबी जमली न्हाई."

भीमराज खुरांकडं बघत राहिला. 

"उगवतीला ह्याच वाटंनं येतील. बांधाआड बसा. सोळा पावलं. तिथं चुकायला माणूस आंधळाच पायजे."

रात्री मंजुषानं आजीला गाठलं. "तू काहून दाखवून राहिलीस त्याला?"

"तुला नवरा पायजे का हरीण?"

पोरगी रडत झोपली.

रविवारी नर्मदाबाईंनी देवघरापासून बंदूक आणून त्याच्या हातात दिली. "माझा गुडघा धरलाय. आज तुमी एकलेच जा."

तो बांधाआड बसला. हरभऱ्यावर दव होतं. ओढ्यातून धुकं वर येत होतं आणि त्या धुक्यातूनच ती निघाली, एकामागून एक, पाय वाजू न देता. अठरा-वीस माद्या, त्यांच्या पोटाशी पाडसं. सगळ्यांच्या मागून काळवीट. पाठ काळीभोर, पोट दुधासारखं, शिंगं पिळून आभाळात गेलेली. तो इतका जवळ होता की त्याच्या नाकातून वाफ निघताना दिसत होती. खांद्यावर दवाचे थेंब होते. सूर्य वर आला तसे ते पेटल्यासारखे चमकले.

 भीमराजनं टोपी बसवली, बंदुकीचा घोडा मागं ओढला.  काळविटानं मान वळवून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पळाला नाही. हे रान कुणाचं, असं विचारत असल्यासारखा नुसता उभा राहिला.

मग कळप उडाला. माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी एकेकाची उडी. खाली उतरतानासुद्धा आवाज नाही.

तो परत आला तेव्हा अंगणात सडा पडला होता. त्यानं बंदूक नर्मदाबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि ओट्यावर बसला.

"आजी, मन झालं न्हाई," तो म्हणाला. "एवढं जवळ व्हतं. चापावर बोट व्हतं. पण त्यानं असं बघितलं माझ्याकडं, का बोट हाललंच न्हाई. असलं रूप देवानं घडवलं, ते मी कोण मोडणार? खाली केली बंदूक. जा म्हणलं, बाबा."

 विश्वंभरनं उपरण्यानं डोळे टिपले. "सोनं हाय पोरगं," तो हळूच म्हणाला.

मंजुषा दारात उभी होती. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं धड बघितलं. आत गेली, चहा घेऊन आली आणि कप त्याच्या हातात देताना लाजली.

नर्मदाबाईंनी बंदूक मांडीवर घेतली. घोडा उचलून खाली बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते त्यांनी लुगड्याला पुसलं आणि बंदूक बाजूला ठेवली.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "टोपी फुटलेली हाय. दारू मी तिन्ही दिस घातलीच नव्हती. चाप वढला व्हता एवढं कबूल केलं असतं, तर पोरगी चार दिस रुसली असती. तुमच्या ह्या गोड बोलण्यापायी जलमभर रडली असती. चहा पिऊन निघा."