एकशे नव्वद युनिट

"मृणाल, सकाळपासून सहाव्यांदा उघडलंस दार!" झोपाळ्यावरून तात्या कडाडले. दही न घेताच मृणालने फ्रिज लावला.

तिचे सासरे वीज खात्यातून मीटर रीडर म्हणून निवृत्त झालेले. फ्रिजवरच्या पाच ताऱ्यांच्या लेबलवर 'वर्षाला १९० युनिट' छापलं होतं. ती सरकारने घालून दिलेली मर्यादाच आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दार उघडलं की वहीत एक रेघ. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सून गार पाणी प्यायची ते माठातलंच.

आज मृणालचा मामेभाऊ आला होता. फ्रिज तपासून तारे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला. चहा देताना तिने मुद्दामच विषय काढला, "दादा, तूच सांग रे तात्यांना. एवढ्या युनिटांत भागतं का कुठल्या घराचं?"

दादा हसला. "छे! तात्या, चाचणी चालू असताना आम्ही दार उघडतच नाही. तो बंद फ्रिजचा आकडा. नांदत्या घरात जास्त लागणारच."

तात्यांनी वही मिटून ठेवली. मृणालच्या जिवात जीव आला.

भावाला फाटकापर्यंत पोचवून ती गुणगुणतच स्वयंपाकघरात आली आणि दह्यासाठी फ्रिजला हात घातला. दार हललं नाही.

"बंद ठेवायचा असतो होय! आधी कुणी बोललंच नाही," तात्या समाधानाने म्हणाले आणि फ्रिजची किल्ली त्यांनी जानव्याला अडकवली.