दुधी काच

पाखरं चारशे होती आणि युसुफजवळ प्लेट एकच उरली होती.

लढाई सुरू झाल्यापासून मुंबईहून फोटोच्या काचेच्या प्लेटा येणं बंद झालं होतं. शहाद्याच्या स्टुडिओत युसुफनं वीस वर्षं लोकांना "हलू नका" म्हणून दम भरला. नवरदेव असो की फौजदार, सगळे खुर्चीला खिळल्यासारखे. एकदा तरी मनासारखं हलणारं, जिवंत काही टिपावं, एवढी एकच हौस त्याची राहून गेली होती. होळी झाली की केशरी चक्रवाक उत्तरेला निघून जातात, आणि होळी परवावर आली होती. म्हणून आज तो ब्राह्मणपुरीच्या पाणथळीत कॅमेऱ्याची तिपाई रोवून बसला होता.

पाखरं जवळ आणायचं काम जान्याचं. साठीचा हा भिल्ल पाखरं धरण्यात पटाईत. आधी तो आठवडाभर रिकामी मडकी पाण्यात तरंगत सोडी. पाखरं त्यांना सरावली की स्वतःच डोक्यावर मडकं घालून गळाभर पाण्यात शिरे आणि खालच्या खाली त्यांचे पाय ओढी. जान्याची नजर घारीची, असं सगळा शहादा म्हणे. आज ओढायचं नव्हतं, थवा नुसता हळूहळू काठाकडे सरकवायचा होता.

काम फत्ते करून जान्या कुडकुडत लव्हाळ्यातून बाहेर आला. तेवढ्यात ऊन पडलं. युसुफनं डोक्यावर काळं कापड ओढलं आणि कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर सगळा थवा उलटा उतरला. खाली आभाळ, वर पाणी आणि मधे चारशे केशरी दिवे.

"सुभानल्ला," तो पुटपुटला.

"काय दिसी ऱ्हायनं, मियाँ?" जान्यानं विचारलं.

"समोरच तं शेतस पाखरं. देख ना."

जान्या डोळे बारीक करून भलतीकडेच बघत होता. युसुफला घाई झाली होती, तरी त्यानं कापडाचं टोक उचललं. "ये, एक डाव देखी ले. मंग मी प्लेट घालसू."

जान्या आत शिरला तो बाहेर येईना. प्लेट घातली की काच झाकली जाणार, आणि म्हातारा काच सोडायला तयार नाही. थव्यात चुळबुळ सुरू झाली.

"जान्याबा, निंघ बाहेर. उडी जातीन."

युसुफ चिडला आणि त्यानं कापड वर केलं. जान्याचं नाक काचेला टेकलं होतं. बिडी पेटवतानाही तो काडी अशीच नाकाशी धरतो, हे युसुफला आठवलं. मडक्याखाली हाताच्या अंतरापलीकडचं कधी पाहावंच लागलं नव्हतं. घारीची नजर कसली, या माणसाला दहा हातांवरचं सगळं धुकंच होतं. साठ वर्षं.

प्लेट युसुफच्या हातात होती. त्यानं कापड अलगद खाली सोडलं.

एकाएकी आठशे पंख उघडले. सगळं आभाळ केशरी झालं आणि मग हळूहळू रिकामं झालं. युसुफनं प्लेट पेटीत ठेवून दिली.

जान्या बाहेर आला. त्याचे डोळे वाहत होते.

"उलटी दिसतस त्या काचमा," युसुफ उगीचच म्हणाला.

"दिसू दे," जान्या म्हणाला. "हातमा धरेल पाखरं जनमभर देखी. मोकळं पाखरू आज देखं."