गडद हिरवी

लेखकाने दुकानदाराने पुढे ठेवलेल्या हिरव्या शाईच्या तिन्ही बाटल्यांत टाक बुडवून कागदावर रेघा ओढल्या.

"ही पोपटी झाली, ही शेवाळी. ही द्या, काळपट हिरवी. बायको माझं लिखाण याच शाईनं तपासायची. लाल खुणा बघितल्या की माझं डोकं फिरायचं, म्हणून तिनं ही शोधून काढली."

"मग नाही फिरलं डोकं?" दुकानदार हसला.

"फिरायचंच. पानभर हिरवं दिसलं की म्हणायचो, तू नुसती चुका काढायला टपलेली असतेस."

घरी येऊन त्याने तिच्या पेनात शाई भरली आणि ती गेल्यानंतर लिहिलेली पहिली कथा तपासायला घेतली. शेवटच्या ओळीपर्यंत हातातली निब वाळून गेली, पण त्याला एकही चूक सापडली नाही.